करार आधी, किल्ली नंतर

प्रश्न : मुलुंडमधील आमच्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आहे. बिल्डर म्हणतो, घरे रिकामी करा, कागदपत्रे मागाहून होतील. काय करावे?

उत्तर : किल्ली मुळीच देऊ नका. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ)खालील ४ जुलै २०१९च्या निर्देशांनुसार विकासकाची निवड निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर, विशेष सर्वसाधारण सभेत व्हायला हवी; एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती लागते. तशी झाली का, इतिवृत्त मागून बघा. विकास करारनामा नोंदणीकृत हवा, प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी हवी. तुमच्या स्वतंत्र करारात नव्या घराचे चटईक्षेत्र चौरस फुटांत लिहून घ्या. ‘अंदाजे’ हा शब्द खोडायला लावा. भाड्याचे पुढील तारखांचे धनादेश हाती आल्यावरच सामान हलवा.