धातूंनी दूषित झालेल्या जमिनीची सुधारणा

जमिनीत पडलेला पालापाचोळा कुजून त्याचे खत होते. शिसे किंवा कॅडमियम यांसारखा धातू मात्र कुजत नाही. एकदा मातीत शिरला की तो पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहतो. सर्किट बोर्ड, बॅटऱ्या इत्यादी वस्तू बनविणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यात व गाळात शिसे, कॅडमियम, तांबे व निकेल हे धातू असू शकतात. असे पाणी शुद्ध न करता नाल्यात सोडले गेले व तेच पिकास दिले गेले, तर धातू जमिनीच्या वरच्या थरात साठतात. तांबे किंवा निकेल फार वाढल्यास पीक पिवळे पडून खुरटते व दोष ध्यानी येतो. कॅडमियमच्या बाबतीत मात्र पीक हिरवेगार दिसत असतानाही विष दाण्यात उतरते.

जपानमधील जिंत्सू नदीच्या खोऱ्यात जस्ताच्या खाणीतील कॅडमियम नदीवाटे भातखाचरांत गेले. तो भात खाणाऱ्यांची, विशेषतः प्रौढ स्त्रियांची, मूत्रपिंडे बिघडली व हाडे ठिसूळ झाली. १९६८ साली जपान सरकारने हा रोग प्रदूषणजन्य असल्याचे मान्य केले. पुढे दूषित मातीवर चांगल्या मातीचा थर देऊन ८०० हेक्टरांहून अधिक जमीन सुधारण्यात आली. हे काम २०१२ साली पुरे झाले. या हयगयीचे निवारण करण्यास कित्येक दशके लागली.

करावयाचे उपाय

१) प्रथम दूषित पाणी बंद करावे. ते चालू असता अन्य सर्व उपाय व्यर्थ होत. याबाबत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी.

२) मातीची तपासणी करावी. मृदा आरोग्य पत्रिकेच्या नेहमीच्या तपासणीत शिसे व कॅडमियम यांचा समावेश नसतो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या धातूंच्या तपासणीची स्वतंत्र मागणी करावी. नमुना लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या साधनाने, नाल्याच्या तोंडाजवळचा व दूरचा असा वेगवेगळा घ्यावा.

३) कोकणातील जांभ्या जमिनीसारख्या आम्लधर्मी जमिनीत धातू सहज विरघळून मुळांत शिरतात. तेथे तपासणीनुसार चुना व भरपूर शेणखत द्यावे. काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत चुन्याची जरुरी नसते.

४) भाताच्या लोंब्या निसवण्याच्या आधी व नंतर सुमारे ३ आठवडे खाचरात पाणी उभे ठेवल्यास दाण्यात कॅडमियम कमी उतरते. मात्र मातीत आर्सेनिक असल्यास हा उपाय करू नये. उभ्या पाण्यात ते अधिक विरघळते.

५) दूषित जमिनीत पालेभाज्या व कंदमुळे घेऊ नयेत, फुलझाडे किंवा इमारती लाकडाची झाडे लावावीत. मोहरीवर्गीय पिके काही धातू शोषून घेतात. परंतु या रीतीने जमीन सुधारण्यास अनेक वर्षे लागतात. असे पीक गुरांस घालू नये, जाळू नये व त्याचे कंपोस्टही करू नये. तसे केल्यास धातू पुन्हा शेतातच परत येतो.

चुन्याने व शेणखताने धातू नाहीसा होत नाही, केवळ बांधला जातो. यास्तव ठराविक काळाने माती व धान्य पुन्हा तपासावे. सुधारणेपेक्षा प्रतिबंध केव्हाही स्वस्त; म्हणून नाल्याच्या पाण्याचा रंग किंवा वास बदलताच ते पाटात घेणे थांबवावे.