कडेला उकळलं, मधे कोमटच राहिलं

माझ्या हातचं खाऊन आमच्या शेजारची एक बाळंतीण आजारी पडली. तिच्याबरोबर तिचा नवरा आणि सत्तरीतली आईसुद्धा. बाळ आठ दिवसांचं होतं. या गोष्टीला सहा वर्षं झाली, सगळे ठणठणीत आहेत, पण त्या घरासाठी काही शिजवायला घेतलं की अजूनही माझा हात आधी थर्मामीटरकडे जातो. तो का जातो, हे सांगावं म्हणून लिहिते आहे.

आम्ही मिनेसोटात राहतो. इथे कुणाकडे बाळंतपण झालं, ऑपरेशन झालं, घरातलं कुणी गेलं, की शेजारचे लोक ओव्हनमध्ये भाजलेला, पसरट भांडंभर पदार्थ घेऊन दारात उभे राहतात. बाकीची अमेरिका त्याला कॅसरोल म्हणते, मिनेसोटात आणि डकोटांत म्हणतात हॉटडिश. (आपल्याकडे कॅसरोल म्हटलं की पोळ्यांचा डबा डोळ्यांसमोर येतो. त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.) थोडं मांस, थोडी भाजी, पोट भरायला मॅकरोनी, नूडल्स किंवा बटाटा, आणि सगळं धरून ठेवणारं दाट सूप. १९३० साली मॅनकाटो गावातल्या ग्रेस लुथरन चर्चच्या महिलांनी पाककृतींचं पुस्तक काढलं, त्यातली कृती ही हॉटडिशची पहिली छापील कृती मानतात. तिच्यात मिनियापोलिसची क्रीमेट मॅकरोनी होती. चार वर्षांनी, १९३४ मध्ये, कॅम्पबेलचं क्रीम ऑफ मशरूम सूप डब्यातून बाजारात आलं आणि चर्चच्या तळघरांतल्या स्वयंपाकघरांत इतकं रुळलं, की लोक त्याला ‘लुथरन बाइंडर’ म्हणू लागले.

आम्ही इथे आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा याच शेजारणीने चिकन आणि पास्त्याचं हॉटडिश आणून दिलं होतं. मऊ, गरम, तिखटाचा मागमूस नाही, वर लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्याचा कुरकुरीत थर. तापातून उठल्यावर आई तूप-मीठ घालून गुरगुट्या भात द्यायची, तो आठवला. म्हणून तिचं बाळंतपण झालं तेव्हा मी काय करून न्यायचं याचा विचारच करावा लागला नाही.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी रात्री मी स्वयंपाकाला लागले. सकाळी घाई नको म्हणून सगळं आदल्या रात्रीच. दीड किलो चिकन शिजवून सोडवलं, पाऊण किलो पास्ता उकडला, व्हाइट सॉस केला आणि हे सगळं गरम गरम एका खोल रोस्टिंग पॅनमध्ये भरलं. थर चांगला चार बोटांचा झाला. वरून फॉइल गच्च लावलं आणि पॅन ओट्यावर ठेवून दिला. रात्रीचे दहा वाजले होते. फ्रिजमध्ये ठेवला नाही, कारण लहानपणापासून अंगात भिनलेला नियम: गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, आधी निवू द्यायचं. बाहेर उणे वीस अंश होतं, पण घरात, ओट्यावर, अधिक वीस. मी झोपून गेले. सकाळी सातला पॅनचा तळ अजून किंचित कोमट लागला तेव्हाही मनात काही आलं नाही. उलट आता निवलं म्हणून फ्रिजमध्ये सरकवला.

साडेअकराला ओव्हन ३५० फॅरनहाइटवर लावला. अर्ध्या तासात कडेने सॉस रटरटायला लागला, वरचा चुरा सोनेरी झाला, घरभर चीजचा वास सुटला. मी पॅन टॉवेलमध्ये गुंडाळून समोरच्या घरी नेला. त्यांनी तो अगदी मनापासून खाल्ला. मधला भाग जरा गारच आहे, असं तिची आई म्हणाली, पण तेवढ्यासाठी पुन्हा ओव्हन लावायला नको म्हणून तसाच वाढून घेतला.

मध्यरात्रीनंतर तिघांच्याही पोटात मुरडा सुरू झाला. ताप नाही, उलटी नाही, नुसते कळा येऊन जुलाब. ती बाळाला पाजत होती आणि मधेच उठून पळत होती. फोनवरच्या नर्सने सांगितलं, पाजणं चालू ठेवा, भरपूर पाणी प्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओसरलं. आमच्या घरी ते कुणी खाल्लंच नव्हतं, त्यामुळे मला कळलं तेच मुळी रविवारी, तिच्या नवऱ्याने रस्त्यावरचा बर्फ ओढता ओढता सांगितलं तेव्हा.

नंतर मी याबद्दल जे मिळेल ते वाचलं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू मांसात अनेकदा असतो. चिकन शिजवताना जिवाणू मरतात, पण त्यांचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. अन्न निवू लागलं की ते जागे होतात. चार ते साठ अंश सेल्सियस हा एकंदरच जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. त्यातही हाताला नुसतं उबदार लागेल अशा पंचेचाळीसच्या आसपास परफ्रिंजेन्स दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. असं अन्न खाल्लं की सहा ते चोवीस तासांत मुरडा येतो आणि बहुतेकदा दिवसभरात थांबतो. त्यांच्याकडे जे झालं ते ओळीन् ओळ असंच होतं. त्या जिवाणूला एवढ्या वाढीची सोय मी करून दिली होती, रात्रभर. दुपारी मधला भाग नीट तापला असता तर ते जिवाणू मेले असते. म्हणजे माझ्या हातून दोन चुका झाल्या, आणि दोन्ही एकाच जागी, पॅनच्या मधोमध.

हे मधलं प्रकरण समजून घ्यायला मला पिठल्याने मदत केली. आमटी गॅसवर ठेवली की ती आपली आपण ढवळली जाते, खालचं गरम पाणी वर येतं, वरचं खाली जातं. पिठलं तसं करत नाही. वरून निवलेलं दिसतं, घास तोंडात टाकावा तर जीभ भाजते. मैद्याने दाटलेला सॉस आणि त्यात अडकलेला पास्ता म्हणजे पिठल्याचा मोठा भाऊ. त्यात उष्णता रांगत जाते. तापताना कडा उकळतात तेव्हा मधे फ्रिजची थंडी असते, आणि निवताना कडा गार झाल्या तरी मधे तासन् तास ऊब राहते. थर जेवढा जाड, तेवढं हे अंतर मोठं.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, पण वास घेऊन बघितलास ना?” घेतला होता. वरण विटलं, भाजी आंबली की आपल्या नाकाला कळतं, आणि त्या नाकावर आपली पिढ्यान् पिढ्यांची भिस्त आहे. या जिवाणूने अन्नाला वास येतोच असं नाही. त्या दिवशी त्या पॅनला फक्त लोण्याचा आणि चीजचा सुंदर वास येत होता. आईचा नियमही तिच्या घरात चुकीचा नव्हता. चार माणसांची आमटी, पातेलं लहान, सकाळचं दुपारी संपायचं. शिवाय जुन्या छोट्या फ्रिजमध्ये रटरटतं पातेलं ठेवलं तर बाकीचं दूधदुभतं तापायचं. तो नियम मी एवढ्या मोठ्या, खोल पॅनला लावला, ही चूक माझी.

माफी मागायला गेले तेव्हा शेजारणीच्या आईने मला स्वयंपाकघरातच बसवून घेतलं. त्यांनी कितीतरी वर्षं चर्चमध्ये अंत्यविधीनंतरची जेवणं रांधली होती. “एक खोल भांडं कधीच नाही, दोन पसरट,” त्या म्हणाल्या. मग सुरीचं टोक भांड्याच्या मधोमध खुपसून दहा आकडे मोजायचे आणि ते हलकेच खालच्या ओठाला लावायचं. चटका बसला तर तयार, नुसतं कोमट लागलं तर परत आत. मी आता डिजिटल थर्मामीटर वापरते, कारण ओठाचा अंदाज चुकू शकतो. आकडा एकच लक्षात ठेवायचा: मधोमध १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस. त्याच्या खाली काहीही दिसलं तरी ताट वाढायचं नाही, मग चुरा करपायला आला तरी चालेल. वरून फॉइल झाकता येतं.

आता मी हे कसं करते ते सांगते. सहा-सात माणसांना पुरेल इतकं, नऊ बाय तेरा इंचांच्या पसरट भांड्यात, थर दोन इंचांच्या वर नाही.

सातशे ग्रॅम बोनलेस चिकन, मांडीचं. छातीचं मांस दुसऱ्यांदा तापवताना चोथट होतं. कच्चं चिकन मी आता नळाखाली धूत नाही, हे माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही. पण धुण्याने जिवाणू जात नाहीत, त्यांचे शिंतोडे सिंकभर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. जिवाणू मारायचं काम आचेचं. धुतल्याशिवाय राहवत नसेल तर सिंक आधी रिकामं करा आणि नंतर साबणाने घासा. चिकन कांदा, मिरी, तमालपत्र घालून मंद आचेवर शिजवायचं आणि ते पाणी टाकायचं नाही.

साडेतीनशे ग्रॅम पास्ता, पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा तीन मिनिटं कमी उकडायचा. दाताला मधे कच्चा लागला पाहिजे. तो उरलेलं पाणी ओव्हनमध्ये सॉसमधून पितो. पूर्ण शिजवलात तर शेवटी खिमट होतं. याच कारणाने सॉस पातळ हवा, इतका पातळ की काहीतरी चुकलं असं वाटलं पाहिजे. साठ ग्रॅम लोण्यात पन्नास ग्रॅम मैदा, रंग न बदलू देता दोन मिनिटं परतायचा, मग एक लिटर दूध आणि चिकनचं दीड कप पाणी थोडं थोडं घालत ढवळायचं. दीडशे ग्रॅम चीज गॅस बंद केल्यावरच घालायचं, उकळत्या सॉसमध्ये ते फाटून दाणेदार होतं. मीठ, मिरी, किसलेलं जायफळ. मी थोडा ठेचलेला लसूणही घालते, शेजारणीला आवडतो.

सगळं एकत्र करून, वर लोण्यात परतलेला पावाचा चुरा पसरून ३७५ फॅरनहाइट, म्हणजे १९० सेल्सियसला फॉइल झाकून पंचवीस मिनिटं, उघडून पंधरा. भारतातल्या ओटीजीत वरच्या सळया जवळ असतात, तिथे चुरा दहा मिनिटांतच काळा पडतो आणि आत पत्ता नसतो. फॉइल अगदी शेवटच्या पाच-सात मिनिटांसाठी काढा, आणि भांडं लहान घ्या.

आदल्या दिवशी करून ठेवायचं असेल तर काचेच्या भांड्यात ठेवू नका. फ्रिजमधली गार काच तापलेल्या ओव्हनमध्ये तडकू शकते. मी ॲल्युमिनियमच्या दोन पातळ ट्रेंमध्ये भरते. भरल्यावर वाफ जाईपर्यंत वीस मिनिटं, फार तर अर्धा तास उघडे, आणि लगेच फ्रिजमध्ये, एकमेकांवर न रचता. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते आत गेलेच पाहिजेत. नागपूरच्या मे महिन्यात हीच मुदत एका तासाची समजा. दुसऱ्या दिवशी थेट फ्रिजमधून भाजताना पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात, पण घड्याळ बघून काढू नका, मधला आकडा बघून काढा.

आणि तो पोळ्यांचा डबा. चिकनचं किंवा दुधाचं काहीही त्यात घालून दिवसभर ‘गरम’ ठेवू नका. तो अन्न गरम ठेवत नाही, हळूहळू निववतो, म्हणजे नेमकं त्या पंचेचाळीस अंशांच्या आसपास तासन् तास रेंगाळू देतो. पार्टीला नेताना मीही एकदा तसं करणार होते.

उरलेलं तीन-चार दिवसांत संपवायचं, आणि जेवढं खायचं तेवढंच तापवायचं. मायक्रोवेव्हमध्ये तापवताना मधेच काढून ढवळायचं, कारण तिथेही मधला भागच मागे राहतो.

मागच्या वर्षी शेजारणीला मुलगा झाला. हॉटडिश घेऊन जाऊ का, असं मी घाबरतच विचारलं. ती म्हणाली, नक्की आण. दोन ट्रे नेले. फॉइलवर कागद चिकटवला: कधी शिजवलं, कधी फ्रिजमध्ये ठेवलं, त्यात दूध, गहू आणि चीज आहे, आणि किती तापवायचं. ट्रे फेकून द्यायचे होते, म्हणजे बाळंतिणीला माझं भांडं घासून परत करायचं ओझं नको. दुपारी तिच्या आईने माझ्यादेखत थर्मामीटर मधोमध खुपसला, आकडा १७२ आला, आणि त्यांनी पहिलं ताट मला वाढलं.

संध्याकाळी साडेसातला मी फोन केला. एक ट्रे दुपारीच संपला होता, फ्रिजमधला दुसरा त्यांनी संध्याकाळच्या जेवणाला नुकताच तापवला होता, तो अर्धा उरला होता आणि टेबलावर होता. “आत्ताच्या आत्ता फ्रिजमध्ये ठेव,” मी म्हटलं. फोन कानाला तसाच ठेवून तिने फ्रिज उघडल्याचा आवाज मला ऐकू आला.