इमारत आणि ऊर्जेची काटकसर
(इयत्ता सहावी व सातवीसाठी सामान्य विज्ञान व गणिताचा संयुक्त पाठ)

उद्देश : घराची व शाळेची बांधणी आणि विजेचा खर्च यांचा संबंध विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून देणे, तसेच शासनाने या बाबतीत दीर्घ मुदतीची योजना का आखली, हे समजावून देणे.

साहित्य : दोन सारखे पत्र्याचे डबे, चुना, काजळी, तापमापक, मोजपट्टी, विजेचे एक बिल.

प्रस्तावना : सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्प विद्यार्थ्यांच्या परिचयाचा असतो. तेथूनच पाठास आरंभ करावा. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस उतरते व त्यावर वीज निर्माण होते. १९६२ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाची एकूण क्षमता पुढे १९६० मेगावॅटपर्यंत वाढली. परंतु हे पाणी अमर्याद नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या कोयनेच्या पाण्यास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. पूर्वेकडे वाहणारे पाणी कृष्णाकाठच्या शेतीस हवे असते. आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांतून ते दुष्काळी भागात चढविण्यास पुन्हा वीजच लागते. म्हणून वाचविलेले प्रत्येक युनिट हे नव्याने निर्माण केलेल्या युनिटाच्याच मोलाचे होय.

विषयविवेचन : प्रथम दिव्याचे उदाहरण घ्यावे. ६० वॅटचा तारेचा दिवा रोज पाच तास जळल्यास तीस दिवसांत ९ युनिटे खर्च होतात. जवळजवळ तेवढाच प्रकाश देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी दिव्यास १.३५ युनिट पुरते. बचत ७.६५ युनिटांची. शंभर उंबऱ्यांच्या गावात प्रत्येक घरी असा एकच दिवा बदलला, तरी महिन्याकाठी ७६५ युनिटे वाचतात. हे गणित मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावे.

यानंतर मुख्य मुद्द्याकडे वळावे. दिवा एका दिवसात बदलता येतो; भिंत आणि छप्पर तसे बदलता येत नाहीत. आज बांधलेली इमारत पन्नास वर्षे उभी राहते आणि बांधणीत राहिलेला दोष तेवढी वर्षे पंख्याच्या व दिव्याच्या खर्चातून भरावा लागतो. याच कारणाने इमारतींसाठी दूरदृष्टीच्या योजनेची गरज पडते.

भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ साली संमत झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ साली संहिता तयार करण्यात आली. २०१७ मध्ये ती सुधारण्यात आली. निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. अधिनियमाची २०२२ ची दुरुस्ती १ जानेवारी २०२३ पासून अमलात येऊन निवासी इमारतींनाही नियमांच्या कक्षेत घेण्याची तरतूद झाली. महाराष्ट्रात हे कार्य महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजेच ‘महाऊर्जा’, पाहते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावी. ही संहिता मुख्यत्वे १०० किलोवॅट वा त्याहून अधिक जोडभाराच्या इमारतींसाठी आहे. खेड्यातील घर किंवा दोन खोल्यांची शाळा तिच्या कक्षेत येत नाही. जेथे कायदा पोहोचत नाही तेथे ज्ञान पोहोचले पाहिजे, आणि ते पोहोचविण्याचे साधन गावातील शाळा हेच आहे.

स्थानिक उदाहरणे : हे ज्ञान सर्वस्वी नवे नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत जाड भिंती व मातीचे माळवद असे. दिवसाचे ऊन आत पोहोचण्यास फार वेळ लागे. पाटण, जावळी, महाबळेश्वर या पावसाळी भागांत उतरती कौले व पुढे आलेली वळचण असे. आता दोन्हीकडे सिमेंट व पत्रा आला. पत्रा स्वस्त व टिकाऊ खरा. पण पातळ असल्याने उन्हाची उष्णता तत्काळ आत सोडतो. पत्र्याखाली छत घालणे, वरून पांढरा लेप देणे, पश्चिमेस झाड लावणे हे उपाय अल्प खर्चाचे आहेत.

पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरली. विजेची गरज आधी कमी केली म्हणजे सौर तावदानेही कमी लागतात, हे तिच्या निमित्ताने सांगावे.

कृती : (१) एका डब्यास बाहेरून चुना व दुसऱ्यास काजळी लावावी. दोहोंत सारखे पाणी भरून ते दोन तास उन्हात ठेवावेत व तापमान नोंदवावे. (२) वर्गाची लांबी-रुंदी मोजावी. इको-निवास संहितेत घराच्या चटईक्षेत्राच्या मानाने उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे किमान प्रमाण उष्ण-कोरड्या हवामानात एक दशांश, तर उष्ण-दमट हवामानात एक षष्ठांश दिले आहे. २५ फूट लांब व २० फूट रुंद खोलीस हे अनुक्रमे ५० व सुमारे ८३ चौरस फूट होते. आपल्या वर्गाचे प्रमाण मुलांनी काढावे. (३) खिडकीसमोर ठेवलेले कपाट अथवा तक्ते हलवून दिव्याविना वाचता येते का, ते पाहावे.

प्रश्न : १. दिव्यापेक्षा छपराचा विचार आधी का करावा? २. जत व महाबळेश्वर येथील जुन्या घरांच्या बांधणीत फरक का होता? ३. आपल्या घराच्या बिलातील युनिटे मागील महिन्याशी ताडून पाहा व फरकाचे कारण लिहा.

शिक्षकांस सूचना : तिसऱ्या प्रश्नाच्या वेळी बिलाची रक्कम वर्गात वाचू नये, केवळ युनिटांचा हिशेब घ्यावा. ज्या घरी वीज अल्प वा मुळीच नाही, त्या मुलास कमीपणा वाटता कामा नये. त्याच्या घराच्या भिंती व छप्पर यांचे निरीक्षण त्याच्याकडून लिहवून घ्यावे. पाठाचा गाभा त्यातच आहे. गावात नवे घर बांधले जात असल्यास मुलांना पायाभरणीच्या वेळीच तेथे न्यावे आणि खिडक्या कोणत्या दिशेस येणार, हे घरधन्यास विचारू द्यावे. भिंत उभी राहण्यापूर्वी विचारलेल्या त्या एका प्रश्नाचा लाभ घरास पन्नास वर्षे मिळू शकतो.