आठवड्याचा अभ्यास : माकडाला चोरी कोण शिकवतं?



सुट्टीत बालीला जाणारी कुटुंबं आता आपल्या गटांतही दिसू लागली आहेत. इंडोनेशियातलं हे बेट हिंदू परंपरा जपणारं, म्हणून घरातल्या ज्येष्ठांनाही तिथली देवळं पाहायची ओढ असते. काही देवळांच्या आवारात माकडं अगदी मोकळी फिरतात. आजचा धडा त्यांच्याकडून घेऊ. प्रवासाला निघालेल्यांना तो उपयोगी आहेच, पण घरी बसून वाचणाऱ्यांनाही तेवढाच लागू आहे.

*१. उलुवातूचा सौदा*
बालीच्या दक्षिण टोकाला, समुद्रावरच्या उंच कड्यावर उलुवातूचं देऊळ आहे. संध्याकाळी तिथे रामकथेवरचं केचक नृत्य होतं. आवारातली माकडं लांब शेपटीची, करड्या-तपकिरी रंगाची. आपल्याकडचं काळ्या तोंडाचं वानर ते हे नव्हे. ही माकडं चष्मा, टोपी, चप्पल, मोबाइल झटकन पळवतात आणि नुसती धरून बसतात. कुणी खाऊ पुढे केला की वस्तू सोडून देतात.

कॅनडातलं लेथब्रिज विद्यापीठ आणि बालीतलं उदयन विद्यापीठ इथल्या संशोधकांनी या सौद्याचा अभ्यास करून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठी माकडं माणसाला जास्त मोलाची असलेली वस्तू निवडून पळवतात आणि तिच्या बदल्यात जास्त किंवा आवडीचा खाऊ मागतात. पिल्लांना ही समज नसते. ती चार वर्षांची होईपर्यंत अनुभवाने शिकत जातात.

आता बघा, मोबाइल माकडाच्या काय कामाचा? त्याचं मोल त्याला आपणच दाखवून दिलं. टोपी गेली तर आपण हसतो, मोबाइल गेला तर घाईघाईने ओंजळभर खाऊ पुढे करतो. शिकवणी आपली, विद्यार्थी तो!

*२. पुण्य की हौस?*
“मारुतीरायाचं रूप आहे, एक केळं दिलं तर काय बिघडलं?” असं आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. भाव खोटा नाही. पण हातातून खाऊ मिळू लागला की माकडाची माणसाविषयीची भीड चेपते. मग ते मागायला येतं आणि नाही मिळालं तर ओरबाडतं. केळं देऊन, फोटो काढून आपण निघून जातो. दुसऱ्या दिवशी तिथे कुणाचं तरी लेकरू रिकाम्या हाताने उभं असतं. आपल्या दानाची किंमत त्याने का मोजावी?

उबुदचं माकडवन पाडांगतेगल हे गाव सांभाळतं. देवाशी, माणसांशी आणि निसर्गाशी सलोखा, या तीन गोष्टींना बालीत ‘त्रि हित करण’ म्हणतात, आणि वनाचा कारभार त्याच विचारावर चालतो. तिथे माकडांना रताळी घालायचं काम सेवकांचं. पाहुण्यांनी हात आवरायचा, हीच त्यांची सेवा.

*३. समोर माकड आलं तर*
• चष्मा, दागिने, टोपी आत जाण्याआधीच काढून ठेवा. खाऊ आणि प्लास्टिकची पिशवी नकोच.
• डोळ्यांत डोळे घालू नका, दात दाखवून हसू नका. माकडाला ती धमकी वाटते.
• पळू नका, किंचाळू नका. शांतपणे बाजूला व्हा.
• अंगावर चढलं तर झटापट करू नका. खायचं काही हातात असेल तर सोडून द्या आणि सावकाश चालत राहा.
• पिल्लाला हात लावू नका, त्याची आई जवळच असते.
• लहान मुलांचा हात सोडू नका.
• वस्तू गेलीच तर ओढाओढ नको, तिथल्या सेवकाला सांगा.

*४. चावलं किंवा ओरखडलं तर*
हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. बालीत २००८ पासून रेबीज आहे. तो मुख्यतः कुत्र्यांमुळे पसरतो, पण माकडाच्या चाव्यातूनही होऊ शकतो. आणि लक्षणं दिसू लागली की हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. म्हणून जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, काही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करा. “एवढंसं तर खरचटलंय” म्हणून थांबू नका. मुलांना आधीच सांगून ठेवा, ‘काही झालं तर लपवू नकोस, आम्ही रागावणार नाही.’ रागाच्या भीतीने लपवलेला ओरखडा फार महागात पडू शकतो.

*घरी बोलण्यासाठी*
१. मूल रडलं की आपण मोबाइल हातात देतो. त्यातून ते काय शिकतं?
२. मी देतो ते समोरच्याच्या भल्यासाठी, की देताना मला बरं वाटतं म्हणून?
३. या आठवड्यात प्रेमाने ‘नाही’ म्हणायचा एक तरी प्रसंग आला का?

रविवारी रात्री जेवणं झाल्यावर दहा मिनिटं सगळ्यांनी मिळून यावर बोला. मुलांना आधी बोलू द्या बरं का! आणि बालीला निघालेलं कुणी ओळखीचं असेल, तर तिसरा आणि चौथा मुद्दा त्यांना आजच पाठवा.