पहाटे पाचची तपासणी

३१ मार्च २००८, सोमवार. आमच्या चाकणच्या कारखान्यातून वर्षअखेरचा माल बाहेर पडायचा दिवस. सव्वानऊला डिस्पॅचमधून फोन आला, "साहेब, सकाळपासून एकही मेल आलेली नाही." पाठोपाठ खरेदी विभाग, मग अकाउंट्स. विंडोज चालू होते, नेटवर्क ठीक होते. एक्स्चेंज २००३ या आमच्या मेल सर्व्हरवरचा मेलबॉक्स स्टोअर, म्हणजे मेल साठवणारा डेटाबेस, तेवढा डिसमाउंट झालेला होता. मी तो माउंट केला, मेल सुरू झाल्या आणि कामाच्या गर्दीत कारण शोधायचे राहून गेले. ही माझी पहिली चूक.

मंगळवारी सकाळी स्टोअर पुन्हा बंद. आता इव्हेंट व्ह्यूअर उघडला. डेटाबेसने १८ जीबीची मर्यादा ओलांडल्यामुळे तो बंद केला आहे, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. खाली पाहत गेलो तर मर्यादा जवळ आल्याचा इशारा रोज पहाटे ५ वाजता नोंदलेला, कित्येक आठवडे. मी ते पान एकदाही उघडले नव्हते.

एक्स्चेंज २००३ च्या स्टँडर्ड आवृत्तीत आधी १६ जीबीची मर्यादा होती. २००५ च्या सर्व्हिस पॅक २ नंतर ती ७५ जीबीपर्यंत वाढवता येऊ लागली, पण आपण काही बदलले नाही तर १८ वरच राहते. रोज पहाटे ५ वाजता सर्व्हर आकार मोजतो, शेवटचे १० टक्के उरले की इशारे देतो आणि मर्यादा ओलांडली की स्टोअर बंद करतो. पुन्हा माउंट केल्यावर पुढच्या तपासणीपर्यंतच सवड मिळते. सोमवारी मला मिळालेली सवड मी दुरुस्ती समजून बसलो.

दुसरी चूक महागात पडली. मी सगळ्यांना जुन्या मेल पुसायला लावल्या आणि रात्री मेल बंद ठेवून एक्स्चेंजच्या ईएसईयुटिलने ऑफलाइन डीफ्रॅग केले. फाईल लहान झाली. बुधवारी पहाटे स्टोअर तरीही बंद! सर्व्हिस पॅक २ नंतर सर्व्हर फाईलचा आकार मोजत नाही. आतली रिकामी जागा वजा करून जे उरते, ते मोजतो. डीफ्रॅगने मी तीच रिकामी जागा काढून टाकली होती, त्यामुळे मोजलेला आकडा जागचा हलला नाही. पुसलेल्या मेलही ठरलेल्या मुदतीपर्यंत डेटाबेसमध्येच राहतात, म्हणून त्यांचाही लगेच उपयोग झाला नाही.

शेवटी रजिस्ट्रीत त्या स्टोअरची मर्यादा ३० जीबी केली आणि माउंट केले. काम दहा मिनिटांचे होते. बाहेरून आलेल्या मेल रांगेत थांबल्या होत्या, त्या पोचल्या. पण वर्षअखेरीला तीन सकाळी आमच्या माणसांनी फॅक्स आणि फोनवर काढल्या, याचे मला आजही वाईट वाटते.

तुमच्यावर ही वेळ आली, तर एवढे करा. माउंट करण्याआधी इव्हेंट लॉग वाचा. मर्यादेचीच अडचण असेल तर आधी डिस्कवर जागा किती आहे ते पाहा आणि मर्यादा बेताने वाढवा. डेटाबेस जितका मोठा, तितका बॅकअप परत आणायला वेळ लागतो. एक्स्चेंज २००३ असेल तर १२२१ क्रमांकाची नोंद शोधा. आत किती मोकळी जागा आहे ते तिथे कळते. ऑफलाइन डीफ्रॅग डिस्कवरची जागा मोकळी करण्यासाठी आहे आणि त्याला डेटाबेसच्या सुमारे ११० टक्के मोकळी जागा लागते. कुणी फोनवर 'रिपेअर चालव' म्हणाले तर ऐकू नका. रिपेअरला जे पान वाचता येत नाही ते तो टाकून देतो, आणि इथे डेटाबेस मोडलेलाच नसतो. जागा करायची म्हणून लॉग फाईलही हाताने पुसू नका. पूर्ण बॅकअप झाला की त्या आपोआप निघतात.

मेल सुरू झाल्यावर खऱ्या कारणाकडे वळा. आमच्याकडे मेलबॉक्सला कोटाच नव्हता आणि ड्रॉइंगची प्रत्येक सुधारित आवृत्ती मेलनेच फिरायची. आम्ही कोटा लावला, ड्रॉइंग सामाईक फोल्डरमध्ये ठेवायला सुरुवात केली.

एक्स्चेंज २००३ चा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. २०१३ पासूनच्या स्टँडर्ड आवृत्त्यांत ही मर्यादा १,०२४ जीबी आहे. पण डिस्क भरते, डेटाबेस वाढतो, इशारे नोंदले जातात, आणि ते वाचणारे कुणीतरी लागतेच. इशारा मेलने मागवत असाल तर त्याच सर्व्हरवरच्या पत्त्यावर मागवू नका. सर्व्हर बंद पडला की इशाराही अडकतो. मी तो मोबाइलवर एसएमएसने घेतो, आणि तरीही सकाळी स्वतःची मेल वाचण्याआधी सर्व्हरचा लॉग वाचतो.