अतिदक्षता विभागातून परतल्यावर : घरच्यांचा विचार

सभासद-कुटुंबांपैकी कोणी अतिदक्षता विभागात आहे असे कळताच मंदिरात अभिषेक होतो, जप बसतो, इस्पितळात डबे पोचतात. रुग्ण घरी आला की पेढे वाटले जातात व सर्वांचे लक्ष अन्यत्र वळते. त्यापुढील दोन-तीन महिन्यांचा विचार आम्ही या पाठात करणार आहोत.

अतिदक्षता विभाग ही व्यवस्था फार जुनी नाही. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची साथ आली, तेव्हा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने फुगा दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला. त्या अनुभवातून भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी पुढील वर्षी असा स्वतंत्र विभाग उभा केला. प्राणरक्षणाचे शास्त्र तेथून पुष्कळ पुढे गेले. नातलगांकडे मात्र त्याची दृष्टी फार उशिरा वळली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फ्रान्समधील २१ विभागांतील रुग्णांच्या २८४ नातलगांचा अभ्यास होता. ९० दिवसांनंतर त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत मानसिक आघाताची लक्षणे आढळली. आपणांस माहिती अपुरी मिळाली असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण निम्म्याच्या जवळ गेले.

ही लक्षणे घरोघरी ओळखता येतील. फोन वाजताच छातीत धस्स होते. रात्री उठून रुग्णाचा श्वास चालू आहे ना, हे पाहिले जाते. ‘आपण सही केली ती योग्य की अयोग्य?’ हा प्रश्न सुटत नाही. शिवाय रुग्णास त्या दिवसांचे पुष्कळदा काहीच आठवत नाही, किंवा भ्रमात पाहिलेले भलतेच आठवते. आणि पत्नीला मात्र घटकान् घटका आठवत असते. एकाच घरात दोघे दोन निराळ्या आठवणींत वावरतात. यासाठी काही देशांत परिचारिका व नातलग मिळून रुग्णाची रोजनिशी लिहितात. तिच्या लाभाविषयी एकमत नाही. २०१९ च्या फ्रेंच चाचणीत आघाताची लक्षणे तिने कमी झाल्याचे दिसले नाही. तरी ज्या घरास ती हवीशी वाटेल, त्याने अवश्य ठेवावी.

आता आपणांकडे येऊ. गीतेचा पहिला अध्याय आपण पारायणात भराभर आटोपतो. त्यात भगवंतांच्या मुखी जेमतेम एक वाक्य आहे. अर्जुन बोलत राहतो, त्याचे गात्र गळते, धनुष्य हातून सुटते, आणि भगवंत ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते दोन श्लोक बोलतात; अर्जुन पुन्हा आपली व्यथा मांडतो; खरा उपदेश अकराव्या श्लोकापासून सुरू होतो. समाचारास जाणाऱ्या आपल्यापैकी किती जण इतका वेळ थांबतात? आम्ही तर उंबरठ्यावरच ‘प्रारब्धाचे भोग’ ऐकविले गेल्याचे पाहिले आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत, मरणासन्न रुग्णांच्या नातलगांस अधिक वेळ देऊन बोलू दिले व माहितीपुस्तिका दिली, तेव्हा पुढे त्यांचा आघात कमी आढळला. उलट २०१७ च्या चाचणीत डॉक्टरांनी धाडलेल्या सांत्वनपत्राने दुःख हलके झाले नाही.

म्हणून समाचारास गेल्यावर हकीकत खोदून विचारू नये. दोन तास रुग्णाजवळ बसावे व घरच्या माणसास झोपू द्यावे. विम्याचे कागद, औषधांचे वेळापत्रक, तपासणीच्या दिवशी रिक्षा, यांपैकी एखादे काम अंगावर घ्यावे. झोप न लागणे, दचकणे, जीव नकोसा वाटणे हे महिन्याहून अधिक टिकले तर डॉक्टरांस दाखवावे. जीव नकोसा झाला असेल तर एक दिवसही थांबू नये. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

एक गोष्ट आम्ही मंदिराच्या वतीने स्पष्ट सांगतो. त्या दिवसांत कोणी नवस बोलले असेल आणि इस्पितळाच्या देयकाने घर कर्जात असेल, तर तो फेडण्याची घाई करू नये. सोयीने, वर्षा-दोन वर्षांनी, नारळ-फुलावर फेडला तरी चालेल. त्याविषयी कार्यालयात कोणी विचारणार नाही.