जपानच्या शाळेत भेट काय न्यावी?

प्रश्न : पुण्यातील एक शिक्षिका शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी ओकायामाला निघाल्या आहेत. शाळेला, वर्गातल्या मुलांना आणि यजमान कुटुंबाला काय न्यावे, असे त्या विचारतात.

उत्तर : शाळेसाठी वारली चित्र उत्तम. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर उमटणारी ही कला जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर आणि कापडावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जपानला ती परकी नाही. नीगाता प्रांतातल्या मिथिला संग्रहालयात वारली कलावंतांनी राहून चित्रे काढली आहेत. चित्र गुंडाळून नेता येते आणि तारपा नाचाचे वर्तुळ फळ्यावर काढून मुलांकडूनही गिरवून घेता येते.

वर्गासाठी सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा न्यावा. १० अवतार, प्रत्येकाची १२ पाने, एकूण १२० गोल पत्ते! हाताने रंगवलेला संच महाग पडतो, म्हणून वर्गाला मिळून एकच पुरे.

खाऊ मात्र जपून. ताजी फळे आणि बिया यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, मांसाचे पदार्थ तर टाळावेतच. चिक्की न्यायची तर सुटी वेष्टने असलेली. शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवता येते. पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख हवा, कारण जपानमध्ये ॲलर्जीसाठी तो छापणे सक्तीचे आहे.

यजमानांना फार भारी वस्तू देऊ नये. परतफेडीचे ओझे वाटते. ४ वस्तूंचा संच अशुभ मानतात, तेव्हा ३ किंवा ५ घ्याव्यात. भेट दोन्ही हातांनी द्यावी. त्यांनी ती लगेच उघडली नाही, तरी गैरसमज नसावा.